मदत हवी आहे: गाडी नाही, सोबत आई-बाबा. हॅदरसेजला राहावं की कासलटनला?

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येताहेत. मी लेस्टरला असते. गाडी नाही, आणि इथलं लायसन्स काढायचं अजून मनावर घेतलेलं नाही. लंडन त्यांचं मागच्या खेपेला झालं. यंदा बाबांनी फोनवरच बजावलंय, "राजवाडे पुरे. एखाद्या खेड्यात ने." म्हणून पीक डिस्ट्रिक्टमध्ये (इंग्लंडमधलं डोंगराळ राष्ट्रीय उद्यान), हॅदरसेज किंवा कासलटन या तिथल्या गावांत, तीन-चार रात्री राहायचं म्हणतेय. शेफिल्डपर्यंत सरळ ट्रेन आहे, पुढे बस.

अडचणी सांगते. बाबा चालायला दणकट आहेत, पण उतारावर त्यांचा गुडघा बोलायला लागतो. आईला चालायचं काही वाटत नाही, मात्र वळणावळणाच्या रस्त्यावर तिला बस लागते. बाबा एसटीत कंट्रोलर होते, त्यामुळे "शेवटची गाडी कितीला?" याचं उत्तर तयार असल्याशिवाय ते घराबाहेर पडणार नाहीत.

नेटवर जे भटकंतीचे मार्ग सापडतात ते सगळे 'गाडी इथे लावा' पासून सुरू होतात. बसने पोचता येईल, दोन-तीन तासांत होईल, आणि अगदीच बागेत फिरल्यासारखं वाटणार नाही असं काही सुचवा ना. मुक्काम हॅदरसेजला बरा की कासलटनला?

– मृद्गंध

डोंगरउतार:

डोळे झाकून हॅदरसेज. कासलटन दिसायला जास्त देखणं आहे, पण तिथे रेल्वे नाही. जवळचं स्टेशन होप, तिथून कासलटन तीनेक किलोमीटर. हॅदरसेजला शेफिल्ड-मँचेस्टर लाइनवरची ट्रेनही थांबते आणि शेफिल्ड-कासलटन २७२ नंबरची बसही. एक हुकली तर दुसरी असते.

गाडी नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. गाडीवाल्याला फिरून गाडीपाशीच यावं लागतं, म्हणून त्याच्या सगळ्या वाटा गोल. आपण एका थांब्यावर उतरायचं आणि दुसरीकडून घरी जायचं. २७२ पकडून फॉक्स हाउसला उतरा. हा थांबा माळावर, चांगला उंचावर आहे. समोरच लाँगशॉ इस्टेट. पूर्वी ड्यूक ऑफ रटलंडची शिकारीची जागा होती, आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. चहा आणि स्वच्छतागृह तिथेच उरकून घ्या. मग गवताळ माळावरून पॅडली गॉर्ज या घळीत शिरायचं. ओकची जुनी झाडी, शेवाळलेले धोंडे आणि खाली खळाळणारा बर्बेज ब्रूक ओढा. तीनेक किलोमीटरवर ग्रिंडलफर्ड स्टेशन लागतं. तिथून ट्रेनने पुढचंच स्टेशन हॅदरसेज.

बस चढते, आपण उतरायचं. सोपं!

तिरकस:

डोंगरउतार, नावाला जागलात. पण त्यांनी लिहिलंय काय? उतारावर गुडघा दुखतो. पॅडली गॉर्जमध्ये झाडांची मुळं आणि ओले दगड असा उतार आहे. तिथे काकांना खाली उतरवणार का?

मृद्गंध, हीच वाट उलटी करा. सकाळी हॅदरसेजहून ट्रेनने ग्रिंडलफर्ड, झऱ्याच्या काठाने वर चढत लाँगशॉ, आणि परतीला फॉक्स हाउसहून बस. चढ अंगावर येणारा नाही, दम लागला की बसायला धोंडे हवे तेवढे. आणि चहा दमल्यावर मिळतो, हेच बरं.

ग्रिंडलफर्ड स्टेशनवर जरा रेंगाळा. प्लॅटफॉर्मच्या टोकालाच टॉटली बोगद्याचं तोंड आहे. साडेपाच किलोमीटरहून लांब, १८९०च्या दशकातला. एसटीतल्या माणसालाही रेल्वेचं कौतुक वाटेल.

शेफिल्डची सून:

बसबद्दल सांगते, दर आठवड्याला जाते मी.

थांब्यावर नुसतं उभं राहू नका, हात करा. हात केला नाही तर ड्रायव्हरला वाटतं तुम्ही दुसऱ्या गाडीचे, आणि बस निघून जाते. माळावर तर नक्कीच. एकेरी तिकिटाला सध्या ३ पौंडांची कमाल मर्यादा आहे. कार्ड चालतं. ज्येष्ठांचा फुकट पास इथल्या रहिवाशांनाच मिळतो, त्यामुळे काकांनी आधार कार्ड दाखवून उपयोग नाही 😀

दिवसा बस साधारण तासाला एक. पण संध्याकाळी लवकर आटोपतं आणि रविवारचं वेळापत्रक वेगळं. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे वेळेचा अंदाज हमखास चुकतो. काकांचा प्रश्न इथे अगदी योग्य आहे. वेळापत्रक बदलत असतं, म्हणून आदल्या रात्री तपासाच.

काकूंना पुढच्या सीटवर बसवा. फॉक्स हाउस सोडलं की बस सरप्राइज व्ह्यूच्या वळणावर येते आणि सगळं होप खोरं एकदम समोर उघडतं. त्यानंतर हॅदरसेजपर्यंत उतार आणि वळणं. पोटात ढवळायचं तर तिथेच. डबल डेकर आली तरी वर जायचा मोह नको.

मृद्गंध:

किती छान माहिती! तिरकस, उलटी वाट पक्की. मुक्काम हॅदरसेजला. आता अजून दोन प्रश्न. एक, पाऊस लागला तर? दोन, बाबांना मॅम टॉर (कासलटनजवळचा डोंगर) चढायचाच आहे. फोटो पाहून ठेवलेत त्यांनी. चढतील, पण उतरायचं कसं?

डोंगरउतार:

चूक कबूल, तिरकस 🙏

मॅम टॉर ५१७ मीटर. कासलटनहून तीनशे मीटरच्या वर चढ आहे आणि उतरायला बसचा भरवसा नाही. माथ्याजवळ फरसबंदी आणि पायऱ्या आहेत, म्हणजे गुडघ्याला त्याच जास्त नडतील. मी तरी काकांना माथ्यावर नेणार नाही.

त्याऐवजी कासलटनहून पश्चिमेला ओडिन माइनकडे चला. शिशाची जुनी खाण आहे. तिच्या पुढे मोडका रस्ता लागतो. हा एकेकाळचा शेफिल्ड-मँचेस्टर हमरस्ता. मॅम टॉरचा हा उतार सतत घसरत असतो, कारण वाळूच्या खडकाच्या मध्ये शेलचे ठिसूळ थर आहेत आणि त्यांत पाणी मुरतं. वर्षानुवर्षं डागडुजी केली, शेवटी १९७९ मध्ये रस्ता कायमचा बंद केला. आता तो जागोजागी पुरुषभर खचलाय आणि कडेला डांबरावर डांबराचे थर दिसतात. ज्यांनी घाटात दरडी कोसळून बंद पडलेले रस्ते आणि खोळंबलेल्या गाड्या पाहिल्यात, त्यांना हे माथ्यावरच्या देखाव्याहून जास्त आवडेल, पैज लावतो. जिथे नको वाटेल तिथून मागे फिरा, चढ बेताचाच आहे.

तिरकस:

यावेळी सहमत.

पावसाच्या दिवशी हॅदरसेजहून डर्वेंट नदीच्या काठाने ग्रिंडलफर्डला जा. लेडमिल ब्रिजपासून वाट धरायची. जवळजवळ सपाट, बरीचशी झाडीतून. चिखल असेल, बूट तसे घ्या. परतीला ट्रेन. हॅदरसेजजवळ नदीत पलीकडे जायला दगड टाकलेत, फोटो झकास येतात, पण पाणी चढलेलं असेल तर त्या वाटेला जाऊ नका. कासलटनची केव्ह डेल ही घळही ओल्यात टाळा. चुनखडी झिजून साबणासारखी झालीय.

वाटा बऱ्याच ठिकाणी लोकांच्या शेतांतून जातात. वहिवाटीचा हक्क आहे, बिचकू नका. पायवाटेला पिवळा बाण असतो. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर मागे बंद करा. कुठेकुठे फाटकाऐवजी दगडी बांधात माणूस अंग चोरून जाईल एवढीच फट किंवा वर चढायच्या पायऱ्या असतात. काकू साडी नेसत असतील तर त्या दिवशी पंजाबी ड्रेस बरा. वासरासोबत गाय दिसली तर लांबून वळसा घाला.

शेफिल्डची सून:

अगदीच सपाट हवं असेल तर एक दिवस बेकवेल. शेफिल्डहून २१८ नंबर. गावाबाहेर जुन्या स्टेशनपाशी मॉन्सल ट्रेल लागतो. १९६८ मध्ये बंद झालेली रेल्वेलाइन आहे. २०११ पासून बोगदेही चालायला उघडे आहेत, आत दिवे असतात. वाय नदीवरच्या उंच पुलापर्यंत जाऊन परत या. मात्र हॅदरसेजहून सरळ बसच्या भरवशावर राहू नका, हे येताना किंवा जाताना शेफिल्डला राहाल त्या दिवशी जमवा.

मृद्गंध:

बाबांना धागा वाचून दाखवला. मॅम टॉरचा हट्ट सुटला नाहीये, पण मोडका रस्ता आधी बघायचं कबूल झालंय. आता ते विचारताहेत की फॉक्स हाउसच्या थांब्याला शेड आहे का, कारण बस उशिरा आली तर आई वाऱ्यात किती वेळ उभी राहणार.

शेफिल्डची सून:

शेडच्या भरवशावर राहू नका. लाँगशॉच्या कॅफेत बसा, फोनवर बस कुठवर आलीय ते दिसतं. दहा मिनिटं हाताशी ठेवून निघा. आणि जून असला तरी काकूंना कानटोपी द्या.