सात नंबरच्या बेडचं काय करू?

रातपाळी:
नमस्कार मंडळी. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, २०१९ ला रिटायर झाले. गुडघे कुरकुरतात, झोप मात्र अजून रातपाळीचीच, साडेतीनला टक्क जाग. मग नातवाच्या अर्धवट वह्यांत आठवणी लिहायला घेतल्या. काचेच्या सिरिंजा उकळणं, धुतलेले ग्लोव्हज वाळवून पावडर मारणं, मेट्रनबाईंचा राऊंड म्हटलं की चादरीचे कोपरे ताठ करणं, सगळं भराभर उतरलं. लिहायची सवय आहेच, रोज सकाळी रिपोर्ट लिहायचा असायचा. पण रिपोर्टात 'मला वाटलं' चालत नाही. वेळ, काय दिसलं, काय दिलं, सही. माझं मराठीही तसंच येतंय. सून वाचून म्हणाली, "आई, हे डिस्चार्ज कार्ड झालंय."

असो. अडलंय ते जळिताच्या वॉर्डात.

१९८७ साल. सात नंबरला तेवीस वर्षांची बाई, साठ टक्के. एका हाताचे नऊ, एका पायाचे अठरा असा हिशेब करून टक्के काढतात. अंगावर लोखंडी पिंजरा आणि त्याच्यावर चादर, कारण कापड चिकटलं की सोडवताना कातडी येते. लघवी दर तासाला मोजायची, तीस मिलीच्या खाली गेली की डॉक्टरांना उठवायचं. संध्याकाळी नायब तहसीलदार जबाब घेऊन गेले होते, "स्टोव्हचा भडका उडाला." डॉक्टरांनी शुद्धीवर असल्याचा शेरा मारला. हात भाजलेले, म्हणून ठसा पायाच्या अंगठ्याचा.

रात्री साडेतीनला मी सलाइनची बाटली बदलत होते. ती म्हणाली, "सिस्टर, आमच्यात स्टोव्ह न्हाईच. चुलीवर करतो." थोड्या वेळानं म्हणाली, "कुणाला बोलू नका. पोरगं त्यांच्याकडंच ऱ्हाणार हाय."

रिपोर्टला मी लिहिलं: ३.३० वेदना, इंजेक्शन दिलं. ४.३० झोप लागली. सकाळी इन्चार्ज सिस्टरांच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "जबाब झालाय ना? मग तू कशाला मध्ये?" चौथ्या दिवशी ती गेली. मी गप्प बसले ती आजतागायत.

ते पोरगं आता चाळिशीला आलं असेल. ट्रेनिंगला हातात मेणबत्ती धरून नाइटिंगेल शपथ घेतली होती, त्यात पेशंटच्या घरच्या गोष्टी पोटात ठेवायच्या असं आहे. हे लिहू का?

पुस्तकी किडा:
काकू, एक बारीक दुरुस्ती. ती शपथ नाइटिंगेलबाईंची नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली, नाव फक्त त्यांचं दिलं. बाकी गाव बदला, साल बदला, नाव तर बदलाच, आणि बिनधास्त लिहा.

रातपाळी:
शपथ कुणी का लिहिली असेना, घेतली मी. गाव आणि साल बदलेन हो, पण चूल कशी बदलू? तेवढंच तर ती बोलली.

उपकेंद्रवाली:
ताई, मी एएनएम, म्हणजे गावची नर्स, एकतीस वर्षं उपकेंद्रात. आमच्या रजिस्टरात तर बाई म्हणजे एक आकडा. कुटुंब नियोजनाचं टार्गेट ९६ ला बंद झालं, तोवर मार्च महिना आला की आम्ही दारोदार केसेस हुडकत फिरायचो. कोण राजीखुशीनं आली आणि कुणाला सासूनं ढकलत आणली, ते रजिस्टरात कुठं असणार? मीसुद्धा लिहायला बसते, पण दोन ओळी झाल्या की हात आपोआप रकाने आखायला लागतो. परवा एका लग्नात कुणा मावशींचा हात हातात घेऊन बोलत होते, तर नकळत नाडीच मोजत बसले. ८८ भरली. त्यांना वाटलं, काय माया आहे बाईची!
तुम्ही लिहाच. सुनेला वाचायला देऊ नका, म्हणजे झालं.

आडवाटेचा वकील:
मावशी, मनाला लागेल, पण सांगतो. मृत्युपूर्व जबाब तहसीलदारापुढेच हवा असं कायद्यात नाही. मरणाऱ्या व्यक्तीनं तोंडी, कुणालाही, अगदी ड्युटीवरच्या सिस्टरला सांगितलेलंही पुरावा म्हणून घेता येतं. तेव्हा पुरावा कायद्याचं कलम ३२ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं २६. दोन जबाब एकमेकांविरुद्ध असले तर कोर्ट कशावर भरवसा ठेवेल हा भाग निराळा. छापणार असाल तर सासरची माणसं ओळखू येतील असं काही ठेवू नका.

रातपाळी:
लागलं. आम्हाला हे कुणी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर मी बोलले असते का? चोवीस-पंचवीस वर्षांची, नोकरी नवी, तिनं स्वतः नको म्हटलेलं. आता छाती ठोकून काही सांगता येत नाही.

भीमाकाठ:
मी इथं सहसा लिहीत नाही. माझी थोरली बहीण अशाच वॉर्डात गेली. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरात तिचा केसपेपर आहे, वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. शेवटची ओळ, पहाटे ५.१० ला एक्स्पायर्ड. कुणी केलं, काय केलं, त्यावर आमच्याकडं बोलून बोलून संपलं. मला वेगळंच विचारायचं असतं, पण विचारणार कुणाला? तिनं पाणी मागितलं होतं का? दिलं का कुणी?
सिस्टर, त्या पोराला चुलीचं कळावं की नाही, मी नाही सांगू शकत. पण त्या रात्री तिच्याजवळ कोण होतं, एवढं लिहा.

रातपाळी:
दादा, तुमच्या बहिणीचं मला ठाऊक नाही, खोटं बोलणार नाही. आमच्या वॉर्डात पाणी सगळेच मागायचे. पहिल्या दिवशी तोंडानं बंद असायचं, उलटी होऊन श्वासात जाईल म्हणून. सात नंबरनंही मागितलं. मी गॉजचा तुकडा भिजवून तिचे ओठ टिपत होते. तिनं तो तुकडा दातात धरला आणि चोखला. मी ओढून घेतला नाही, परत भिजवून दिला, तीन-चारदा तरी. मग बाकीचे बेड होते, उठले.

चार्टवर 'तोंडावाटे' असा रकाना असतो. त्यात मी सकाळी शून्य लिहिलं.

आज तिथून सुरू करते.