सर्वांत मोठा दोष कोणाचा: भीष्म, कर्ण की युधिष्ठिर? बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' पुन्हा पाहताना (चर्चा)

वारणावत
'महाभारत' मालिका सलग पाहिली की भीष्म भागागणिक मनातून उतरत जातो, आणि मालिका मात्र त्याला शेवटपर्यंत देव्हाऱ्यात ठेवते. मूळ प्रक्षेपण 2 ऑक्टोबर 1988 ते 24 जून 1990 चाललं, दर रविवारी एक भाग. प्रतिज्ञा आणि द्यूतसभा यांच्यामध्ये इतके महिने जात की भीष्मानं दिलेली कारणं कोणी ताडून पाहत नसे. मार्च 2020 मध्ये डीडी भारतीवर दुपारी 12 आणि संध्याकाळी 7 असे रोज भाग लागू लागले, तेव्हा 94 भागांतली ती कारणं शेजारी शेजारी ठेवता आली.

व्यासांच्या महाभारतात देवव्रताच्या प्रतिज्ञेत दोनच गोष्टी आहेत. सत्यवतीचा मुलगा राजा होईल, आणि मी आजन्म ब्रह्मचारी राहीन. मालिकेनं तिसरी जोडली: हस्तिनापूरच्या सिंहासनावर जो बसेल त्याच्यात मी वडिलांची छबी पाहीन. या जोडणीमुळे पुढचं सगळं माफ होतं. सभेत गप्प बसला तो शपथेमुळे, कौरवांकडून लढला तोही शपथेमुळे. संहितेतला, म्हणजे व्यासांच्या ग्रंथातला, भीष्म स्वतः वेगळंच सांगतो. युद्ध सुरू होण्यापूर्वी युधिष्ठिर पाया पडायला येतो, तेव्हा तो म्हणतो, "अर्थस्य पुरुषो दासः". माणूस अर्थाचा दास आहे, आणि कौरवांनी मला अर्थानं बांधून ठेवलं आहे. म्हणजे ज्याचं खाल्लं त्याच्या बाजूनं उभा राहिलो, अशी ही सरळ कबुली आहे. मालिकेतल्या तिसऱ्या शपथेनं ती झाकून टाकली.

माझ्या मते दोष मोजायचा तर भीष्माचा कर्णापेक्षा जास्त भरतो. त्या सभेत कर्ण मित्राच्या कृपेवर बसलेला होता. भीष्म एक शब्द बोलला असता तर डाव मोडला असता.

संहिता
कर्णाला इतकं हलकं सोडू नका. सभापर्वाचा 61वा अध्याय उघडून बघा (पुण्याच्या भांडारकर संस्थेनं हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीतला क्रमांक देते आहे). दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्ण उभा राहतो आणि द्रौपदी जिंकलीच गेलेली नाही असं मुद्देसूद सांगतो: राजा व्यसनाच्या आहारी गेला होता, ती पाचांची पत्नी आहे, युधिष्ठिर स्वतःला आधीच हरला होता, आणि तिला पणाला लावायचं शकुनीनंच सुचवलं. सभेतून त्याला पाठिंबा मिळू लागतो. नेमका तेव्हा कर्ण त्याला गप्प करतो. पाच पतींची म्हणून तिला 'बंधकी' (वेश्या) म्हणतो, आणि पांडवांची व द्रौपदीची वस्त्रं काढून आण, अशी आज्ञा दुःशासनाला तोच देतो. दुर्योधन नाही, कर्ण.

वातावरण फिरत असताना ज्यानं ते परत उलटवलं, त्याच्याकडे अधिकार नव्हता म्हणणं मला पटत नाही. मालिकेत 'वेश्या' हा शब्द कर्णाच्याच तोंडी आहे, पण आज्ञा दुर्योधनाच्या वाट्याला गेली. पंकज धीर यांचा कर्ण त्यामुळे रागाच्या भरात बोललेला माणूस वाटतो. आपल्याकडे मराठी कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी घडवलेला कर्ण आधीच मनात असतो, म्हणून ही अदलाबदल आपल्याला खटकतसुद्धा नाही.

अंगराज
61वा अध्याय मान्य, त्याचा बचाव करत नाही. पण दोष मोजताना पश्चात्तापही मोजा. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला जन्माचं रहस्य सांगतो आणि राज्य देऊ करतो. त्या वेळी कर्ण म्हणतो, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो त्या कर्मानं आज मी होरपळतो आहे. त्याच संभाषणात तो कृष्णाला हेही सांगतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कळलं तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. आपण हरणार हे त्याला दिसतं आहे, तरी तो बाजू सोडत नाही.

आता भीष्माकडे या. शरपंजरी पडल्यावर तो कर्णाला सांगतो की तू कुंतीचा मुलगा आहेस हे मला नारदाकडून आणि व्यासांकडून कळलेलं होतं. म्हणजे माहीत असूनही त्यानं कर्णाला भर सैन्यासमोर 'अर्धरथी' (अर्धाच योद्धा) म्हटलं. त्या अपमानामुळेच भीष्म पडेपर्यंत मी शस्त्र धरणार नाही असं कर्ण ठरवतो. 18 दिवसांच्या युद्धात भीष्म 10 दिवस सेनापती होता, ते दहाच्या दहा दिवस कर्ण बाहेर. कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणवणं थांबवू शकेल असं हस्तिनापुरात कोणी असेल तर तो भीष्म. कुंती बोलू शकत नव्हती याची कारणं समजतात. भीष्माचं कोणतं कारण होतं?

संहिता
कर्णाचं तेज कमी व्हावं आणि घरात फूट पडू नये म्हणून कठोर बोललो, असं भीष्म तिथेच सांगतो. हे कारण अपुरं आहे, यात मी तुमच्याबरोबर आहे.

मात्र पश्चात्ताप व्यक्त केल्यानंतरचाही कर्ण पाहा. अभिमन्यूला कसं आवरायचं हे तो द्रोणाला विचारतो, द्रोण सांगतो आधी धनुष्य तोड, आणि तोडतो कर्ण. कृतवर्मा घोडे मारतो, कृप पाठीराखे सारथी मारतो. शेवटचा गदेचा घाव दुःशासनाच्या मुलाचा. होरपळलेला माणूस पुन्हा तसंच वागत असेल तर पश्चात्तापाचं वजन किती धरायचं?

बेहडा
तुम्ही दोघं भांडता आहात, आणि ज्यानं बायको पणाला लावली तो बाजूला राहिला. पुन्हा पाहताना मला सर्वांत असह्य होतो तो गजेंद्र चौहान यांचा शांत चेहऱ्याचा युधिष्ठिर, कारण मालिका त्याचं हरणं नशिबासारखं दाखवते. डाव नीट समजून घेतला तर चूक कुठे झाली ते दिसतं.

मालिकेत चौसराचा पट आणि लांब फासे आहेत. सभापर्वात पटाचं वर्णन नाही. वैदिक काळापासूनचे अक्ष (फासे) म्हणजे बेहड्याची फळं. संहितेतला डाव झटपट आहे: युधिष्ठिर पण सांगतो, शकुनी फासे टाकतो, "जितम्" (जिंकलं) म्हणतो, पुढचा पण. सोंगट्या हलवून विचार करायला मध्ये वेळच नाही. मोती, सोन्याची नाणी, रथ, दासदासी, हत्ती, घोडे असं करत गाडी नगर आणि भूमीवर येते. मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, स्वतः, शेवटी द्रौपदी.

यात तीन ठिकाणी थांबायची संधी होती. पहिली अगदी सुरुवातीला. पण लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार शकुनी, हे ऐकून युधिष्ठिर स्वतः म्हणतो की एकासाठी दुसऱ्यानं खेळणं मला गैर वाटतं. तरी बसतो. दुसरी, मध्येच विदुर उठून खेळ थांबवा म्हणून धृतराष्ट्राला लांबलचक समजावतो तेव्हा. तिसरी, माद्रीचे दोन मुलगे गेल्यावर. शकुनी टोचतो, भीम आणि अर्जुन तुला जास्त प्रिय दिसतात. या एका टोमण्यावर तो अर्जुनाला पणाला लावतो. "बोलावलं तर मी मागे फिरत नाही" हे त्याचं व्रत खेळायला बसण्यापुरतं होतं. सगळं संपेपर्यंत खेळत राहायचं, असं ते व्रत म्हणत नाही.

आणि त्याला खेळता येत नव्हतं! वनपर्वात बृहदश्व ऋषी त्याला नलाची कथा सांगून अक्षविद्या शिकवतो, म्हणजे ती आधी नव्हती. पहिल्या द्यूतानंतर द्रौपदीनं दोन वरांत युधिष्ठिर आणि चारही भाऊ सोडवले, तिसरा वर नाकारला, धृतराष्ट्रानं राज्यही परत दिलं. तरी बोलावणं आल्यावर हा वाटेतून परत जाऊन बसला, एकाच पणावर: 12 वर्षं वनवास, तेरावं अज्ञातवासात, ओळखले गेलात तर पुन्हा 12.

उत्तरा
तिघांच्याही दोषांची चर्चा झाली. पण मालिकेनं जिच्यावर नसलेला दोष लादला तिचं काय? इंद्रप्रस्थात दुर्योधन पाण्यात पडतो आणि द्रौपदी सज्जातून "अंधे का पुत्र अंधा" म्हणते. हे वाक्य चिकित्सक आवृत्तीत नाही. तिथे भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात. द्रौपदी इतर बायकांबरोबर हसली, हे नंतर दुर्योधन बापाला सांगतो. स्वयंवरातलं "सूतपुत्राला वरणार नाही" हेही तसंच. काही हस्तलिखितांत ते आहे, पण मुख्य संहितेत घेतलेलं नाही.

ही दोन वाक्यं घरोघरी पाठ झाली आणि परिणाम असा की वस्त्रहरणाला 'तिनंही बोलायला नको होतं' अशी पुस्ती जोडली जाते. रूपा गांगुलींनी सभेतला प्रसंग ज्या ताकदीनं उभा केला आहे, त्याच्या आधीच पटकथेनं तिच्याविरुद्ध पुरावा तयार करून ठेवला. संहितेतल्या द्रौपदीचं शस्त्र तिचा प्रश्न आहे. न्यायला आलेल्या प्रातिकामी या सेवकाला ती परत पाठवते: विचार त्या जुगाऱ्याला, आधी स्वतःला हरलास की मला? यावर भीष्म 60व्या अध्यायात म्हणतो, धर्म सूक्ष्म आहे, मला सांगता येत नाही. 62व्यात म्हणतो, युधिष्ठिरालाच विचारा. हारलेल्या माणसाकडे निकाल सोपवला! वारणावत, भीष्माविरुद्ध तुमचा सर्वांत भक्कम पुरावा हा आहे. त्यात शपथेचा उल्लेखसुद्धा नाही.

पटकथा
मालिकेची बाजू कोणीच घेत नाही म्हणून मी घेतो. मालिकेचे लेखक राही मासूम रझांना तासाभराहून कमी वेळात, ग्रंथ कधीच न वाचलेल्या प्रेक्षकाला कारण दाखवायचं होतं. 'धर्म सूक्ष्म आहे' हे वाचताना चालतं. पडद्यावर भीष्म तेवढंच बोलून बसला असता तर प्रेक्षकाला काहीच कळलं नसतं. तिसऱ्या शपथेमुळे मौनाचं मूळ डोळ्यांना दिसतं.

आणि त्यामुळे भीष्म निर्दोष ठरतो हे मला मान्य नाही. अर्थानं बांधलेला माणूस परिस्थितीचा बळी म्हणता येईल. कोणी न मागता, उद्या गादीवर कोण बसेल हे माहीत नसताना आंधळी निष्ठा वाहणारा माणूस चूक स्वतः ओढवून घेतो. उत्तरांचा द्रौपदीबद्दलचा आक्षेप मात्र पूर्ण बरोबर आहे, तिथे बचाव नाही.

बेहडा
आणखी एक. सभेत कृष्ण वस्त्रं पुरवतो, हेही मालिकेचं भर घालणंच ना?

संहिता
एवढं सोपं नाही. सभापर्वातली द्रौपदीची प्रार्थना चिकित्सक आवृत्तीनं वगळली आहे, वस्त्रं तिथे कारण न सांगता येत राहतात. वनपर्वात कृष्ण सांगतो की तेव्हा मी शाल्व राजाशी लढत होतो, म्हणून येऊ शकलो नाही. पण त्याच आवृत्तीच्या उद्योगपर्वात कृष्ण म्हणतो, मी दूर असताना कृष्णेनं (द्रौपदीनं) 'गोविंद' म्हणून हाक मारली, ते ऋण माझ्या मनातून जात नाही. म्हणजे हाक संहितेत आहे. मालिकेनं तिला उत्तर मिळालेलं दाखवलं.

वारणावत
60 आणि 62 हे अध्याय माझ्या मांडणीत सुटले होते, उत्तरांचं म्हणणं घेतलं. 'पटकथा' यांचं मात्र अजून पटत नाही. आंधळी निष्ठा हा दोष आहे हे तुम्ही म्हणता, मालिकेचं चित्रण तसं म्हणत नाही. त्या क्षणी कॅमेरा भीष्म झालेल्या मुकेश खन्नांच्या भरल्या डोळ्यांवर जातो आणि आपण द्रौपदीऐवजी त्यांच्या यातना पाहू लागतो.

ज्यांना ताडून पाहायचं आहे त्यांनी राजसूय यज्ञापासून वनवासाला निघेपर्यंतचे भाग घ्यावेत आणि सोबत सभापर्वाचे 43 ते 72 अध्याय ठेवावेत. 65पर्यंत पहिलं द्यूत, 66पासून अनुद्यूत, म्हणजे दुसरं द्यूत. 60, 61, 62 आधी वाचा, मग भाग लावा. उलट क्रमानं केलं तर पडद्यावरचे चेहरे श्लोकांत शिरतात. आणि प्रत्येक वाक्य कोणाच्या तोंडचं कोणाच्या तोंडी गेलं आहे, तेवढं कागदावर टिपत जा.