जुनी गाणी खरंच सरस होती का, हे तपासायचं कसं?

वादी_संवादी
नमस्कार मंडळी. "हल्लीच्या गाण्यांत राम राहिला नाही" हा वाद घरोघरी चालतो. मला मत नकोय, तपासायची रीत हवी आहे. १९५०-६० च्या दशकांतली हिंदी-मराठी गाणी आणि गेल्या दहा वर्षांतली गाणी समोरासमोर ठेवायची तर काय मोजावं आणि फसगत कुठे होते? ऑडॅसिटी (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) वापरता येतं. बरंचसं ऐकणं यूट्यूबवर.

खर्ज
आधी आवाजाची पातळी सारखी करा, बाकी सगळं मागाहून. दोन गाण्यांतलं जे किंचित मोठं वाजतं तेच कानाला भरदार वाटतं. एक-दोन डेसिबलचा फरकही पुरतो. ऑडॅसिटीत दोन्ही फाइली घ्या आणि 'लाउडनेस नॉर्मलायझेशन'ने दोन्ही -२३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) आणा. मग तरंग बघा. नव्या गाण्याच्या तरंगाची पट्टी बहुधा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारख्या जाडीची दिसेल. जुन्यात मुखडा, मधलं संगीत, अंतरा यांची उंची वेगवेगळी असते. सीडीच्या काळापासून आवाज दाबून-दाबून मोठा करण्याची जी चढाओढ लागली, तिचा हा परिणाम. हा ऱ्हास म्हणायचा तर म्हणा, पण तो मास्टरिंगचा (ध्वनिमुद्रणाला शेवटचा हात फिरवण्याचा) आहे, चालीचा नाही.

यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. 'कंटेंट लाउडनेस' ६ डेसिबल दिसला तर यूट्यूबने ते गाणं जवळपास ५० टक्क्यांवर आणलंय. आकडा उणे असेल तर गाणं मुळातच हळू आहे आणि यूट्यूब ते वर उचलत नाही, म्हणजे जुनं गाणं तिथे आपोआप मार खातं. 'स्टेबल व्हॉल्यूम' बंद ठेवा, नाहीतर चढउतारच चपटे होतात.

आणि अपलोड कुठलं आहे ते नीट पाहा. 'झंकार बीट्स'वालं निघालं तर मूळ गाण्यावर नंतर चिकटवलेला ताल मोजत बसाल.

मींडखंड
खर्ज यांच्याशी अर्धाच सहमत. मास्टरिंगपलीकडे गायकीचंही काही गेलंय, आणि ते डोळ्यांनी दिसतं.

ज्या जागी आवाज जवळजवळ एकटा आहे असा तुकडा निवडा आणि ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम (आवाजातले स्वर उंचीनुसार दाखवणारं चित्र) लावा. ग वरून प वर जाणारी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) तिरकी, सलग रेघ दिसायला हवी. ऑटोट्यूनचा (गायकाचा सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) 'रीट्यून स्पीड', म्हणजे सूर ओढायला लागणारा वेळ, शून्याजवळ ठेवला असेल तर तीच रेघ जिन्यासारखी होते: ग, म, तीव्र म, प. कारण यंत्र दर क्षणी जवळच्या स्वराला धरतं. दरबारी रागातल्या आंदोलित (हळुवार झुलणाऱ्या) कोमल गंधाराची तर वाटच लागते. तो पेटीच्या गंधारापेक्षा खाली असतो, यंत्र त्याला ओढून पेटीवर बसवतं. स्पीड ४०-५० मिलिसेकंद ठेवला तर मींड बरीचशी वाचते, पण घाईत कोण ठेवतो? एक सावधगिरी: मुरकी (झटपट घेतलेला छोटा स्वरसमूह) मुळातच पायऱ्या-पायऱ्यांची दिसते, तिला यंत्राचा दोष लावू नका.

गंमत म्हणजे तक्रार जुनीच आहे. बारा पक्क्या स्वरांमुळे गायकी बिघडते म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवरच बंदी घातली होती, ती तीसेक वर्षं टिकली.

जुनी_तबकडी
दोघांनीही खरी मेख सोडली: गाणी निवडायची कशी? आज आठवतात ती १९५५ ची गाणी सत्तर वर्षांच्या चाळणीतून उरलेली आहेत. त्यांच्यासमोर या वर्षीचा अख्खा ढीग ठेवला की निकाल आधीच ठरला. १९५५ च्या चित्रपटांची पूर्ण यादी घ्या, चिठ्ठ्या टाकून दहा चित्रपट काढा, प्रत्येकाचं तिसरं गाणं घ्या. अलीकडच्या वर्षालाही हाच नियम. नाव माहीत असलेलं गाणं निघालं म्हणून ते बदलायचं नाही.

आणि त्या काळच्या लोकांना ते सुवर्णयुग वाटत होतं असं समजू नका. १९५२ मध्ये माहितीमंत्री बा. वि. केसकरांनी चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केली, कारण त्यांच्या मते तीच घसरण होती. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली.

लांबीवरून भांडू नका. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची. आज स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावर गाणं मोजलं जातं, म्हणून सुरुवातीचं संगीत आखडलं. दोन्हीकडे माल यंत्राने कापलाय.

माझ्या मते खरी घट एकच: वाद्यवृंदासाठी लिहिणारे हात. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर (संगीतसंयोजक) व्हायोलिनच्या तुकडीसाठी स्वरलिपी लिहीत, दोन अंतऱ्यांमधलं संगीत वेगवेगळं बांधत, आणि सगळे वादक गायकाबरोबर एकाच टेकमध्ये वाजवत. एक चुकला की सगळ्यांना पुन्हा. आता तेच चार मात्रांचे तुकडे चिकटवले जातात. अपवाद आहेत: 'सैराट'साठी (२०१६) अजय-अतुल लॉस एंजेलिसला जाऊन ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित करून आले.

वादी_संवादी
चिठ्ठ्यांची कल्पना आवडली. पण चाल मोजायची कशी? 'गोड वाटली' हे काही माप नाही.

खर्ज
पेटीवर मुखडा आणि पहिला अंतरा काढून वहीत लिहा. चार रकाने पुरे: किती वेगळे स्वर लागले, अंतरा मुखड्याच्या वर जातो का, दोन मधली संगीतं वेगळी आहेत का, आणि एकच ओळ किती वेळा येते. लयीसाठी पहिलं आणि शेवटचं आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) किती सेकंदांचं ते टिपा. लूपवर (तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून) बांधलेल्या गाण्यात फरक शून्य निघतो, एकत्र वाजवलेल्यात लय बहुतेक वेळा थोडी चढलेली असते. स्वर लिहिताना गाणं कुठल्या वर्षाचं हे दुसऱ्या कोणाला तरी झाकून ठेवायला सांगा.