शरणपूरच्या आफ्रिकन मुलांची जुनी वही : जतन आणि नामसूचीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरच्या जुन्या कागदांत हाताने लिहिलेली एक वही निघाली आहे. नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये एकोणिसाव्या शतकात राहिलेल्या आफ्रिकन मुलांची नावं तिच्यात आहेत.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम नेणारी गलबतं ब्रिटिश आरमार अडवायचं. सुटका झालेली बरीच मुलं मुंबईत उतरवली जात, त्यांतली काही शरणपूरला शिकायला येत. जेकब वेनराइट इथलाच. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा प्रसिद्ध ब्रिटिश शोधप्रवासी लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीलाही हजर होता. त्याने डायरी लिहिली, ती टिकली, म्हणून तो आपल्याला माहीत आहे. बाकीचे फक्त अशा नोंदींतच उरलेत. त्यांच्यातले अनेक जण पुढे मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउन या मुक्त गुलामांच्या वसाहतीत गेले. तिथल्या वंशजांना ही नावं शोधता आली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

वहीत शाईने बाप्तिस्म्याचं नाव, अंदाजे वय आणि 'याओ' वगैरे जमात लिहिली आहे. काही नावांशेजारी पेन्सिलीने मूळ आफ्रिकन नाव आहे. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं तेच, आणि नेमकं तेच पुसट झालंय. शाईने कागद खाल्लाय, पान उलटताना अक्षराच्या जागी भोक पडतं. घरचे लॅमिनेशन करा म्हणतात, ते मी थोपवून धरलंय.

पुसट पेन्सिल वाचता यावी म्हणून फोटो कसे काढावेत? बाजूने तिरपा उजेड टाकून कुणी काढलेत का? आणि एक्सेलमध्ये नावं उतरवताना मूळ स्पेलिंग जसंच्या तसं एका रकान्यात आणि वाचून लावलेलं दुसऱ्यात, एवढं पुरेल का?

प्रती कुठे द्याव्यात हाही प्रश्न आहेच. सरकारी दप्तर मुंबईच्या पुराभिलेखागारात, शरणपूर मिशन चालवणाऱ्या चर्च मिशनरी सोसायटीची कागदपत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठात, इंडिया ऑफिसची (लंडनमधून भारताचा कारभार पाहणारं खातं) ब्रिटिश लायब्ररीत. अटलांटिकच्या गुलामवाहू जहाजांच्या हजारो फेऱ्या 'स्लेव्ह व्हॉयेजेस' या संकेतस्थळावर घरबसल्या, फुकट शोधता येतात. आपल्या बाजूच्या समुद्राची माहिती मात्र अशी तीन ठिकाणी विखुरलेली. निदान फोटो आणि नामसूची सर्वांसाठी खुली ठेवायची आहे. त्यासाठी कुठली जागा भरवशाची?

नाशिक-मुंबईकडे जुन्या कागदांचं संवर्धन करणारं कुणी ओळखीचं असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. वही प्रवासाला नेण्यासारखी राहिलेली नाही, त्यांना इथे यावं लागेल. जाण्यायेण्याचा आणि कामाचा खर्च मी देईन.