‘शाश्वत’ म्हणजे नेमकं काय? आणि ‘निधी’, ‘अनुदान’, ‘मदत’ यांत फरक कोणता?

गावशाळा

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागाकडे शाळेसाठी प्रस्ताव पाठवायचा आहे, विषय ‘शाश्वत विकासासाठी शिक्षण’. मसुदा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचायला घेतला आणि पहिल्याच ओळीला एका पालकांनी थांबवलं. “बाई, शाश्वत म्हणजे कधी न संपणारं ना? कीर्तनात महाराज सांगतात, देह अशाश्वत आहे. मग विकास कसा शाश्वत असेल?” मला चटकन उत्तर सुचलं नाही. ‘टिकाऊ’ लिहू, ‘चिरस्थायी’ लिहू, की आहे तोच शब्द ठेवू?

दुसरी अडचण पैशाच्या भागात आहे. मी कुठे ‘निधी’, कुठे ‘अनुदान’, कुठे ‘मदत’ असं जसं सुचलं तसं लिहून ठेवलंय. हे चालेल का?

शब्दवेल्हाळ

त्या पालकांना माझा नमस्कार सांगा, कारण शंका अगदी मुळावर बोट ठेवणारी आहे. संस्कृतात ‘शश्वत्’ म्हणजे नेहमी, अखंड. त्यावरून ‘शाश्वत’. गीतेत आत्म्याला ‘अजो नित्यः शाश्वतः’ म्हटलंय, म्हणजे हा शब्द मुळात आत्म्याच्या पंगतीतला.

आता ज्या कल्पनेसाठी आपण तो वापरतो ती पाहा. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाने जी व्याख्या केली तिचा आशय असा: आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील, एवढी जागा शाबूत ठेवायची. यात अमरत्वाचा काही संबंध नाही. पुढच्याचा वाटा राखून खाणं आहे.

हिंदीने ‘सतत विकास’ केलं. मराठीत ‘सतत’ म्हटलं की ‘सतत रडतो’, ‘सतत मोबाइल बघतो’ हेच आधी आठवतं. ‘टिकाऊ’ चप्पल असते, रंग असतो. वस्तू टिकते, तिला टिकाऊ म्हणतो. इथे टिकवायचं आहे ते पाणी, माती, जंगल, ज्यांच्या जिवावर विकास होतो. ‘चिरस्थायी’त हालचालच नाही, जे आहे ते तसंच बसून राहील असं वाटतं. त्यामुळे ‘शाश्वत’ला अडचण असूनही तो ठेवा असं मी म्हणेन. शासनाच्या कागदांत ‘शाश्वत विकास ध्येये’ आणि ‘शाश्वत विकास उद्दिष्टे’ दोन्ही दिसतात, तिथे हा शब्द आता रुळला आहे.

कपाशीवाला

एक गोष्ट सुटतेय. बोलीत ‘शाश्वत’ फारसं कुणी म्हणत नाही, पण ‘शाश्वती’ रोज म्हणतो. “पावसाची काही शाश्वती नाही.” “भावाची काय शाश्वती?” इथे शाश्वती म्हणजे भरवसा, खात्री. ‘शाश्वत सिंचन’ हा शब्द आम्हा कोरडवाहूवाल्यांना एका झटक्यात कळतो: पाऊस दगा देऊन गेला तरी दोन पाण्यांची खात्री. बाईंनी समितीत ‘शाश्वती’पासून सुरुवात करावी. आत्म्याकडून खाली येण्यापेक्षा विहिरीकडून वर जाणं सोपं पडेल.

गावशाळा

दादा, हे फार कामाचं आहे. काल शाळेतल्या पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना सहज विचारलं, “पुढच्यांसाठी राखून वापरायचं, याला तुम्ही काय म्हणता?” त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पुरवून पुरवून वापरायचं.” मग तेलाचा डबा दाखवला. आतल्या बाजूने त्यांनी खिळ्याने रेघा ओढल्या आहेत, एका आठवड्याला एक रेघ. तेल रेघेच्या खाली गेलं की त्या आठवड्यात फोडणी बेताची. व्याख्येतलं सगळं त्या डब्यात होतं.

शब्दवेल्हाळ

‘पुरवून वापरणे’! याहून नेमका शब्द मला तरी माहीत नाही. पुरणे, पुरवणे, पुरवठा, पुरून उरणे, सगळं एकाच घरातलं. शीर्षकात ‘शाश्वत’ राहू द्या, कारण वाचणाऱ्या विभागाला तो ओळखीचा आहे. पण पहिल्या परिच्छेदात ‘पुरवून वापरणे’ यायलाच हवं.

आणखी एक, ‘साठी’ हा शब्दयोगी हलवू नका. ‘शाश्वत विकासाचं शिक्षण’ म्हटलं तर तो पुस्तकातला एक धडा झाला, वाचला आणि परीक्षा दिली. ‘शाश्वत विकासासाठी शिक्षण’ म्हटलं की शाळेचं सगळं वागणं त्यात येतं: गणितात पाण्याचा हिशेब, परिसर अभ्यासात गावचा ओढा, मुलांच्या हात धुण्याचं पाणी परसबागेला. २००२ च्या जोहान्सबर्ग परिषदेत जपानने पुढाकार घेतला आणि त्यातून २००५ ते २०१४ हे संयुक्त राष्ट्रांचं दशक याच विषयाचं ठरलं. युनेस्कोकडे त्याची धुरा होती. तिथेही भर या ‘साठी’वरच होता.

जमाखर्च

पैशाच्या शब्दांबद्दल मी सांगतो, आयुष्य लेखा विभागात गेलंय. ताई, हे शब्द अजिबात एकमेकांच्या जागी लिहू नका.

‘निधी’ म्हणजे मुळात ठेवा. एका कामासाठी बाजूला काढलेली रक्कम. ‘अनुदान’ शासनाकडून, नियमाने, अटींसह मिळतं. ‘देणगी’ परत मागायची नसते. ‘वर्गणी’ सगळ्यांनी मिळून काढायची. तुमचा अर्ज कंपनीकडे आहे, तेव्हा ‘अनुदान’ नको, ‘सीएसआर निधी’ लिहा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्या कामांच्या यादीत शिक्षणही आहे आणि पर्यावरणही. म्हणून ‘मदत’ हा शब्द काढाच. तुम्ही हात पसरत नाही आहात.

‘मदत’ या शब्दाने मोठ्या व्यवहारातही घोळ होतो. विकसनशील देशांच्या शिक्षणाला बाहेरून येणाऱ्या पैशाला आपण सरसकट मदत म्हणतो. २०२० मध्ये जागतिक बँकेने शालेय शिक्षण सुधारण्याच्या ‘स्टार्स’ प्रकल्पासाठी ५० कोटी डॉलर मंजूर केले, सहा राज्यांत महाराष्ट्र होता. ते कर्ज आहे, फेडायचं आहे. कर्जाला मदत म्हटलं की फेडणाऱ्याचा वाटा झाकला जातो. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के विकास साहाय्य द्यावं हे संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत १९७० मध्ये ठरलं. बहुतेकांनी ते कधीच गाठलेलं नाही. आपल्याकडेही कोठारी शिक्षण आयोगापासून देशाच्या उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्चायची गोष्ट चालू आहे, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीच आहे.

शब्दवेल्हाळ

एका शब्दाने पैसा कसा अडतो याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. २००१ मध्ये नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर मान्यता द्यायचं ठरलं. तो ‘कायम’ शब्द २००९ मध्ये वगळला गेला, तेव्हा कुठे अनुदानासाठी मूल्यांकनाची वाट उघडली, आणि पात्र शाळांना २० टक्के अनुदानाचा पहिला टप्पा मिळायला २०१६ उजाडलं. ‘टप्पा’, ‘टप्पावाढ’ हे शब्द शिक्षकांच्या घरात आजही पगाराइतकेच बोलले जातात. माझी बहीण त्यातली. तिच्या तारुण्याची वर्षं त्या एका विशेषणात गेली, हे मला विसरता येत नाही.

जमाखर्च

अगदी. म्हणून ताई, प्रस्तावात आणखी दोन शब्द जपा: ‘आवर्ती’ आणि ‘अनावर्ती’ खर्च. सौर पॅनेल बसवणं अनावर्ती, एकदाच. त्याची बॅटरी बदलणं, परसबागेची ठिबक दुरुस्त करणं आवर्ती. मी एका शाळेचे हिशेब पाहिले होते. पॅनेल चकाचक, उद्घाटनाची फीतही कपाटात जपलेली. बॅटरी गेल्यावर मात्र तिच्यासाठी कुठल्याच लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या रकान्यात, पैसा नव्हता. तीन वर्षं ते पॅनेल छपरावर पडून होतं आणि मुलं त्याचंच चित्र काढून ‘सौरऊर्जेचे फायदे’ लिहीत होती. शाश्वतीचा शब्द शिक्षणाला लावता तसा पैशालाही लावा. दर वर्षी किती येईल, मार्चअखेर उरलेला परत जाणार का, पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र कुणी द्यायचं, हे लिहून घ्या.

कपाशीवाला

वर्गणीचा रकानाही ठेवा हो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा कुठला आला सीएसआर? वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ‘कमवा आणि शिका’ म्हणजे शाळेने स्वतःचा काही भार स्वतः उचलणं. गावाने पाच पोती धान्य घातलं तरी तो गावाचा हक्क होतो, मग पॅनेल बंद पडलं तर विचारायला माणूस येतो.

गावशाळा

सगळ्यांचे आभार. मसुदा असा बदलला आहे:

“आमच्या गावात पाण्याची शाश्वती नाही. पाणी, माती आणि बियाणं पुरवून कसं वापरायचं हे मुलांनी शाळेत करून शिकावं, यासाठी हा प्रस्ताव. अनावर्ती खर्चासाठी सीएसआर निधी अपेक्षित आहे. देखभाल-दुरुस्तीचा आवर्ती खर्च पहिली तीन वर्षं निम्मा निधीतून व निम्मा लोकवर्गणीतून, त्यानंतर पूर्ण लोकवर्गणीतून भागवला जाईल.”

‘मदत’ हा शब्द एकदाही नाही. मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘बियाणं’ आधी लिहा, पाणी मग. पेरायला नसेल तर पाणी कशाला? तेवढा क्रम बदलून उद्या समितीपुढे ठेवते. फक्त ‘पुरवून’ विदर्भात समजेल ना? कंपनीचे साहेब अकोल्याचे आहेत.

कपाशीवाला

समजेल. आमच्या घरात आई जेवायला वाढताना हेच म्हणते.