'स्प्लिट'ला काय म्हणावं: विग्रह, फोड की तोडणं?

नववीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना पायथन ही संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा शिकवते आहे. 'स्ट्रिंग'ला अक्षरमाळ म्हटलं, ते त्यांना लगेच पटलं. 'स्प्लिट'पाशी मात्र अडले. 'पुणे,सातारा,कराड' ही माळ स्वल्पविरामावर स्प्लिट केली की तीन गावं सुटी होतात. एका मुलीने याला 'विग्रह' म्हटलं, शेजारच्या मुलाने 'फोड'. दोन्ही शब्द व्याकरणाच्या तासाचे. तुम्ही कोणता घ्याल?

प्रतिसाद
विग्रह नक्की नको. 'राजपुत्र'चा विग्रह 'राजाचा पुत्र'. त्यातला 'चा' मूळ शब्दात नव्हताच, तो अर्थावरून आणला. संधी सोडवतानाही 'विद्यालय'मधल्या एका 'आ'चे दोन होतात: विद्या + आलय. स्प्लिट नवीन काही आणत नाही. उलट, ज्या चिन्हावर तुकडे पाडले ते चिन्हच गाळून टाकतं.

प्रतिसाद
मी 'तोडणे' घेईन. नारळ फोडतो, मडकं फुटतं. तिथे चीर कुठून जाईल ते आपल्या हातात नसतं. फूल तोडतो ते देठाशी, शेंग तोडतो तीही देठाशी. तोडायला जोडाची जागा लागते, आणि स्प्लिटला आपण नेमकी तीच जागा सांगतो. शिवाय शुद्धलेखनाच्या तासाला 'शब्दयोगी अव्यय तोडून लिहू नका, जोडून लिहा' हे मुलांनी ऐकलेलं असतं. म्हणजे सुटे भाग पुन्हा एका माळेत आणणाऱ्या 'जॉइन'लाही शब्द मिळाला: जोडणे. फोड मात्र 'स्लाइस'साठी राखून ठेवा. आंब्याची फोड, लिंबाची फोड. इथून इथपर्यंतचा एक काप, एवढाच त्याचा अर्थ.

मूळ प्रश्नकर्ती
'तोडणे' आवडलं. पण 'पुणे,,कराड' तोडलं की तीन भाग येतात आणि मधला रिकामा असतो. तुकडा रिकामा कसा, असं मुलं विचारतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

प्रतिसाद
मग 'तुकडा' सोडा, 'रकाना' म्हणा. हजेरीपटात रकाना कोरा असू शकतो, तरी तो मोजला जातो. दोन स्वल्पविराम म्हणजे तीन रकाने. कुठल्या चिन्हावर तोडायचं ते स्प्लिटपुढच्या कंसात लिहितात; तो कंस रिकामा ठेवून स्प्लिट केलं तर गोष्ट वेगळी: मधे कितीही मोकळ्या जागा असल्या तरी ती सगळी मिळून एकच फट धरली जाते आणि कोरा रकाना उरत नाही. कंसात एक मोकळी जागा स्पष्ट दिली, तर लागोपाठच्या जागांमधून कोरे रकाने येतात. हे दोन्ही प्रकार एकाच तासात शेजारी शेजारी दाखवा.

प्रतिसाद
एक भर घालतो. मोडी कागदांत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत जात, शब्दांमध्ये जागा सोडत नसत. वाचणारा अर्थावरून शब्द सुटे करतो. तिथे विभाजक चिन्हच नाही, त्यामुळे त्याला तोडणं म्हणता येणार नाही, तो पदच्छेद. यंत्राला असं काम शिकवायचं झालं, तर त्यासाठी हा जुना शब्द चांगला आहे.

मूळ प्रश्नकर्ती
आज 'क्षत्रिय'ची अक्षरं सुटी करून पाहिली. मुलं म्हणाली तीन: क्ष, त्रि, य. पायथनने आठ दाखवली: क, हलन्ताचं चिन्ह, ष, त, पुन्हा हलन्त, र, वेलांटी, य. व्याकरणातले वर्ण मोजले तरी आठच भरतात, म्हणून एकाला वाटलं यंत्र वर्ण पाडतं.

प्रतिसाद
आकडा जुळला, पण तो योगायोग आहे. वर्णांमध्ये 'ष' आणि 'य' यांच्यानंतरचे दोन 'अ' मोजावे लागतात, आणि हलन्ताचं चिन्ह हा काही वर्ण नव्हे. यंत्र दाखवतं ते युनिकोडचे संकेतांक, म्हणजे लिप्यांमधल्या एकेका चिन्हाला संगणकासाठी ठरवून दिलेले क्रमांक. 2023 च्या युनिकोड 15.1 मध्ये देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला. त्या नियमाने मुलांसारखी तीनच अक्षरं येतात. पायथनची साधी यादी तो नियम पाहत नाही. म्हणून फळ्यावर तीन वेगळे शब्द लिहा: अक्षर, वर्ण, संकेतांक. आणि 'कमल' घेऊन तिन्ही मोजायला लावा: अक्षरं तीन, संकेतांक तीन, वर्ण सहा.