मदत हवी आहे: मॅलेकाइट तापवला, पण तांब्याचा गोळा होत नाही

प्रश्न (इंदूर): हिरवा मॅलेकाइट (तांब्याचं खनिज) १०० ग्रॅम. खलबत्त्यात कुटला, तेवढाच लाकडी कोळसा मिसळला, कुल्हडात भरून सिगडीवर तासभर ठेवला. हाती आली काळी भुकटी, त्यात लालसर ठिपके. आंच कमी पडते की आणखी काही? मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतला पिवळा दगड चालेल का?

उत्तर १: काळी भुकटी म्हणजे कॉपर ऑक्साइड. मॅलेकाइट ३५० अंशांच्या आतच कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सोडून काळा पडतो, म्हणजे तुमचं पहिलं काम झालं. लाल ठिपका चमच्याच्या पाठीने घासून बघा. चकाकला तर तांबं, नाही तर अर्धवट ऑक्साइड.

खरी अडचण दोन ठिकाणी आहे. तांबं वितळतं १०८५ अंशांना, नुसत्या सिगडीचं ते काम नाही. बाजूने, तळाजवळून, ब्लोअरची लोखंडी नळी द्या. मूस (धातू वितळवायचं भांडं) विटेच्या तुकड्यावर दोन इंच उंच ठेवा, नाही तर वाऱ्याचा झोत तिचाच तळ गार करतो. दुसरं, कोळसा फार झाला. १०० ग्रॅम शुद्ध मॅलेकाइटचं ऑक्साइड ७२ ग्रॅम भरतं, त्याला हिशेबाने साडेपाच ग्रॅम कार्बन पुरतो. १२–१५ ग्रॅम घाला. त्यापुढचा कोळसा थेंबांच्या मध्ये अडून बसतो, ते एकत्र येतच नाहीत.

सराफ्यातून ग्रॅफाइटची मूस आणि टाकणखार आणा. कच्चा टाकणखार फसफसून उतू जातो, म्हणून आधी तव्यावर लाही करून घ्या. २०–२५ ग्रॅम लाही दगडाची वाळू वितळवते आणि थेंब तळाशी जाऊ देते. मूस हळूहळू तापवा. ओली मूस तडकते. आतला रंग केशरी-पिवळा झाल्यावर वीस मिनिटं तसाच धरा. झाकण सैल ठेवा, वायू बाहेर पडला पाहिजे. वितळलेल्या धातूजवळ पाण्याचा थेंबही नको, सांडशी आणि साचाही कोरडे हवेत.

उत्तर २: भिया, मलाजखंडचा दगड घरी नकोच. तो चाल्कोपायराइट, त्यात गंधक. भाजला की सल्फर डायऑक्साइड सुटतो, गल्लीभर खोकला. दगडी कोळसाही याच कारणाने टाळा. आणि हे सगळं उघड्या अंगणात, बाल्कनीत नाही. कोळशातून सुटणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भट्टी जमत नसेल तर न तापवलेल्या, कुटलेल्या हिरव्या मॅलेकाइटवर १० टक्के सल्फ्युरिक आम्ल (आम्ल पाण्यात ओतायचं, उलट नाही). फेस थांबला, निळं पाणी झालं की गाळा आणि लोखंडी खिळे टाका. तांबं खिळ्यांवर तपकिरी गाळ होऊन बसतं.

प्रश्नकर्ता: तो गाळ सरळ मुशीत चालेल?

उत्तर २: धुवून, लगेच वाळवून. ओला राहिला तर हवेत पुन्हा काळा पडतो, मग टाकणखाराबरोबर चिमूटभर कोळसाही घाला. उरलेल्या हिरवट पाण्यात चुन्याची निवळी घालून साका बसू द्या. तसंच मोरीत ओतू नका.